धुरपताबाईंच्या नावाची वही

मी, श्रीमती सुलोचना प्रेमदास ताकसांडे, वय वर्षे पन्नास, धर्म बौद्ध, धंदा शिवणकाम, राहणार नाचणगाव, तहसील देवळी, जिल्हा वर्धा, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी मागे उभे राहून मला सांगत नाही आणि मी कोणाला भिऊन लिहीत नाही. या महिन्याच्या अठरा तारखेला माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, बाई, काळजीचे कारण नाही. पण सही मात्र त्यांनी माझ्याकडून आधीच घेऊन ठेवली. म्हणून मीही माझी कामे आधी उरकते. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. पुलगावच्या वकिलांनी मला एक नमुना दिला. त्यात मोकळ्या जागा फार लहान आहेत, म्हणून मी शाळेच्या कागदावर लिहीत आहे. माझ्यामागे हा कागद अमलात आणण्याचे काम विहार समितीचे अध्यक्ष भैयाजी थूल यांनी करावे.

१. माझे राहते घर, दोन खोल्या, मागचे अंगण आणि त्यातले कडुनिंबाचे झाड, माझी एकुलती एक मुलगी यशोधरा, जी आर्वीला दिली आहे, तिला मिळावे. पोस्टातील बचतही तिचीच. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही. झाड विकणाऱ्याला तोडू देऊ नये, इतके बोलून घ्यावे. त्याने ऐकले नाही तर भांडत बसू नये.

२. माझे शिवणाचे मशीन यशोधराच्या सासूबाईंना द्यावे. त्या यशोधराला माझ्या टाक्यांवरून बोलायच्या. आता स्वतः मारून बघावेत.

३. माझ्या यजमानांची तीन पदके यशोधराकडे. फौजेतला गरम कोट भैयाजींना. तो ते हिवाळ्यात मागून नेतातच.

४. माझे दीर रूपराव यांना यजमानांची काळी लोखंडी पेटी द्यावी. पेटीत काही नाही. हे मी आधीच लिहून ठेवते, म्हणजे कुलूप तोडण्याचे कष्ट पडणार नाहीत. त्यांना पेटी का आणि दुसरे काही का नाही, हे पुढे येईल.

५. माझी पुस्तके, लहानमोठी मिळून दोन फळ्या, विहाराच्या कपाटाला द्यावीत. त्यासोबत एक अट आहे. ती नीट समजावी म्हणून मला थोडे मागे जावे लागते.

मी शाळेत गेले नाही. लग्न झाले तेव्हा मला अक्षर येत नव्हते. यजमान फौजेत होते. त्यांचे पत्र आले की पोस्टमन ओट्यावर उभे राहून मोठ्याने वाचत आणि अर्धी आळी जमत असे. एकदा पत्रात होते, ‘सुलोचना, तुझी फार आठवण येते.’ पोस्टमननी ते वाचले, वर पाहिले आणि पुन्हा वाचले. मी घरात पळाले. त्या दिवसापासून मी ठरवले. पत्र दोनदा वाचून घ्यायचे, पाठ करायचे आणि मग घरात बसून पाठ झालेला शब्द कागदावर कोणता असेल तो बोटाने शोधायचा. अशी मी दीड वर्षात वाचायला शिकले. पण त्यामुळे माझ्या वाचनात एक खोड कायमची राहिली. माझ्या तोंडातून शब्द आधी जातो, अर्थ मागून पोचतो.

आमच्या विहारात पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. गावात पुरुष शिकलेले होते, पण रोज वेळेवर येणारे कोणी नव्हते, म्हणून एकोणीसशे बासष्टपासून वाचनाला मी बसते. आमच्याकडची रीत अशी की वाचणाऱ्याने एकट्याने पुढचे वाचून ठेवायचे नाही. ग्रंथ सगळ्यांसमोर उघडायचा, सगळ्यांसोबत ऐकायचा. वाचणाऱ्याला आधी कळले तर तो स्वतःला मोठा समजू लागतो, असे जुनी माणसे म्हणत. आणि घेतलेले पान अर्धे सोडून उठायचे नाही.

माझी अट ही की यापुढे वाचणाऱ्याने जे वाचायचे ते आधी घरी एकट्याने वाचून यावे. स्वतःला मोठा समजला तर समजू द्यावा.

६. कादंबरीकारांविषयी. त्यांचे नाव मी या कागदात घालत नाही. वकील म्हणाले नाव हवे. मी म्हटले, त्यांना मी काही देतच नाही, तर नाव कशाला?

तरी काय झाले ते लिहून ठेवते, कारण गावात त्याच्या चार तऱ्हा झाल्या आहेत.

माझे यजमान प्रेमदास आणि आमच्या आळीतल्या धुरपताबाई मून यांचा मुलगा गुलाब, दोघे एकाच पलटणीत होते. गुलाब बावीस वर्षांचा होता. एकाहत्तरच्या लढाईवर जाताना बाई यजमानांना म्हणाल्या होत्या, “प्रेमदास, पोट्टा तुह्या हवाली हाय.” गुलाब डिसेंबरात गेला. यजमान आले आणि बाईंना म्हणाले, गोळा पडला, त्याला काही कळलेसुद्धा नाही. बाईंनी तेवढे धरून दिवस काढले.

यजमान त्र्याहत्तरला पेन्शनीत आले ते वेगळे होऊन आले. लोकांना वाटे, लढाईवरून आलेला माणूस धडाक्याला भितो. ते फटाक्याला कधी दचकले नाहीत. पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोच्या बाजूने आवाज आला तर मान वर करत नसत. ते भीत ते आवाज थांबण्याला. शेजारचे पोर रडतारडता एकदम गप्प झाले की ताटावरून उठून कुंपणापाशी जात. उजवा हात अंगाखाली दाबून झोपत आणि सकाळी तो बधिर झालेला असे. त्यांनी जिनिंगमध्ये चौकीदारी धरली ती यंत्रे सारखी चालतात म्हणून. कापसाचा हंगाम संपून जिनिंग बंद पडले की आमच्या घरात वाईट दिवस सुरू होत. मी किती वेळा विचारले, काय झाले तिकडे? म्हणत, “काई नाई झालं. भाकर वाढ.”

त्या काळात मी पुलगावच्या वाचनालयातून एका लेखकाची लढाईवरची कादंबरी आणली. मला ती आवडली. एका ठिकाणी बुटांच्या पट्ट्यांविषयी चूक होती, ती मी पोस्टकार्डावर कळवली. उत्तर आले. मग लेखक स्वतः आले. म्हणजे त्यांना घरात मी आणले. हे मी लपवत नाही.

शहात्तरच्या हिवाळ्यात ते दर आठवड्याला येत. निंबाखाली खाट टाकून दोघे बसत. लेखक माझ्या हातची ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी जेवत. मी चहा ठेवून आत येत असे. यजमान बोलत आहेत हेच मला पुष्कळ वाटे. एक दिवस ते तिथे रडले. मी दारातून पाहिले. लेखक आत आले आणि मोरीवर हात धुता धुता म्हणाले, “वहिनी, भाऊंनी आज जे सांगितलं ते लिहिण्यासाठी नाही. ते माझ्याजवळच राहील.” मी त्यांना हात पुसायला माझा धुतलेला टॉवेल दिला.

एकोणऐंशी साली कादंबरी आली, बक्षीसही मिळाले. आमच्या प्रतीवर लिहिले होते, ‘वहिनींना, ज्यांनी मला जेवू घातले.’ आश्विनी पौर्णिमेला ग्रंथ संपला तेव्हा भैयाजी म्हणाले, “आता आपल्या प्रेमदासचं पुस्तक वाचू. आपल्या मानसावर पुस्तक निंगालं, बाप्पा! लहान गोष्ट हाय काय?” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यजमानांनी हरकत घेतली नाही. त्यांनी वचनावर भरवसा ठेवला होता, मीही ठेवला होता. आणि रीतीप्रमाणे मी पुढचे वाचले नव्हते.

पाचव्या संध्याकाळची गोष्ट. धुरपताबाई अगदी पुढे बसत, कारण पुस्तकात त्यांचा मुलगा होता. नाव किसन केले होते, पण कानामागचा तीळ तोच आणि पुढच्या दातांतली फट तीच. यजमानांना पुस्तकात नुसते ‘हवालदार’ म्हटले होते. त्या दिवशी शिपायाच्या पिशवीतून जवसाच्या चटणीचा डबा निघाला. बाई मोठ्याने हसल्या. “माह्यीच चटनी हाय ते! त्या पोट्ट्याले म्या सांगतलं होतं, कोनाले देजो नोको, आन बसला वाटत!” सगळा विहार हसला. मीही हसले आणि पान उलटले.

त्या पानावर धुके होते, धानाच्या बांध्या होत्या, बांधाआड पडलेली दहा माणसे होती आणि वरच्या रस्त्याने शत्रूचे शिपाई चालले होते. किसनच्या पोटाला लागले होते आणि तो ‘माय, माय’ करत होता. हवालदाराने उजवा हात त्याच्या तोंडावर ठेवला. रस्ता मोकळा झाला तेव्हा हात काढला. किसन संपला होता.

हे मी वाचले. माझ्या आवाजात, जसा ग्रंथ वाचते तसे, शब्दन् शब्द नीट. मला काय वाचले ते कळेपर्यंत मी दोन ओळी पुढे गेले होते.

धुरपताबाईंनी मागे वळून पाहिले. “प्रेमदास, हे खरं हाय काय?”

यजमान उभे राहिले. “हो, बाई.”

“आठ वर्स माह्या दारातून येनंजानं करून राह्यला तू.”

“हो.”

बाई उठल्या. चपला हातात घेतल्या आणि पायात न घालताच निघून गेल्या.

मला त्या रात्री घरी आल्यावर काय वाटले ते इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार. गुलाबची आई मला नंतर आठवली. आधी हे आठवले की सहा वर्षे मी विचारत होते, आणि त्यांनी ते परक्या माणसाला सांगितले. त्या परक्याने ते मला माझ्याच तोंडून ऐकवले.

लेखकांना मी पत्र टाकले. उत्तर आले की लढाई माणसाच्या मनाचे काय करते हे देशाला कळायला हवे होते, त्यापुढे एका घराचे दुःख लहान आहे, आणि नाव तर बदललेच होते. ते पत्र मी ठेवले आहे. कादंबरी चांगली आहे. मी ती नंतर तीनदा वाचली आणि मला हेच जास्त सलते. खोटी असती तर फेकून देता आली असती. हात काढला तेव्हा गुलाब हातामुळे गेला की गोळीमुळे, हे यजमानांना स्वतःला माहीत नव्हते. धुरपताबाई गेल्यावर विहाराच्या पायरीवर त्यांनी मला तेवढे एकच वाक्य सांगितले. पुस्तकात मात्र त्याची खात्री दिली आहे. हवालदार दिवाळीत खाटेखाली लपतो असेही आहे. त्याची बायको त्याला मांत्रिकाकडे नेते आणि तिच्या अंगात येते. आमच्या घरात छप्पन सालापासून देव नाहीत, तर अंगात कोण येणार? शेवटी हवालदार रेल्वेखाली जीव देतो. माझे यजमान एक्याऐंशीच्या फेब्रुवारीत काविळीने वारले, घरी, माझ्या डोळ्यांसमोर. तरी मागच्या वर्षी कॉलेजची दोन मुले आली आणि मला विचारू लागली, “काकू, ती रुळावरची जागा कोणती?”

तर, सहीची ती प्रत मी पुलगावच्या वाचनालयाला देते. जिथे खोटे आहे तिथे मी समासात पेन्सिलीने ‘खोटे’ लिहिले आहे आणि जिथे खरे आहे तिथे ‘खरे’. ‘खरे’ जास्त ठिकाणी आहे. पेन्सिल कोणी पुसू नये.

७. रूपरावांविषयी राहिले ते. त्या वाचनानंतर यजमानांनी एक शाळकरी वही आणली आणि चाळीसेक दिवस जिनिंगच्या दारावर बसून लिहिली. वर नाव घातले, ‘धुरपताबाई मून यांना’. घेऊन गेले. बाईंनी वही गल्लीत फेकली. यजमानांनी ती उचलून आणली, धूळ झटकली आणि माझ्याकडे दिली. म्हणाले, “तिची हाय. ठेव.” तेव्हापासून ती माझ्याजवळ आहे.

या जानेवारीत लेखकांचे पत्र आले. कादंबरीची नवी आवृत्ती निघत आहे, मागे ती वही जोडावी अशी इच्छा आहे, आणि ‘आपले दीर रूपरावजी यांची संमती आहे.’ वही अजून माझ्याजवळ आहे हे रूपरावांशिवाय कोणाला माहीत नव्हते. मी त्यांना विचारले. ते म्हणाले, “वहिनी, कागदच त हाय! इथं उधई खाईन. तिकडं देल्ला त दादाचं नाव होईन, तुमचंबी होईन.” मी म्हटले, “भाऊजी, दादाचं नाव व्हायचं तेवढं झालं.” ते रागावले. माझ्या नवऱ्याचे ते सख्खे भाऊ आहेत आणि मयताला त्यांनी खांदा दिला आहे, म्हणून पेटी. वहीला त्यांनी हात लावू नये.

८. माझ्या अंत्यविधीला जे वंदनेला बसतील त्यांनी बसावे. माझ्यावर भाषण कोणी करू नये. वर्तमानपत्रात काही देऊ नये.

९. ~~यजमानांच्या हातची वही माझ्या मृत्यूनंतर भैयाजींनी धुरपताबाई मून यांच्या हातात द्यावी. त्या नसतील तर वही माझ्या देहाबरोबर जाळावी.~~ (खोडले. सु. प्रे. ता.)

हे कलम मी काल लिहिले आणि आज खोडले. कारण लिहिते.

वकील म्हणाले, त्या बाई घेतील की नाही हे विचारून ठेवा. नाही घेतली तर वही मुलीकडे जाईल आणि मुलीकडून काका काढून घेतील. म्हणून आज सकाळी मी धुरपताबाईंच्या घरी गेले. साडेसहा वर्षांत पहिल्यांदा. त्या अंगणात लाल मिरच्यांचे देठ मोडत होत्या.

“काऊन आली?”

“कागद करून राह्यली, बाई. मेल्यावरचा.”

“मंग मले काय करा लागते? मले त आंगठा येते फक्त.”

“त्यायची वही तुमच्या नावानं ठेवतो म्हन्लं.”

त्यांनी हातातली मिरची खाली ठेवली. “काय हाय तिच्यात?”

“म्या वाचली नाई. वर तुमचं नाव हाय.”

“इतके वर्स घरात ठेवली अन वाचली नाई? तू?” त्या हसल्या, पण ते हसणे बरे नव्हते. “सुलोचना, तू त चिवड्याची पुडीबी वाचल्याबिगर फेकत नाई.”

“खरं सांगतो, बाई.”

मग म्हणाल्या, “अन तू मेल्यावर ते मले भेटन. मंग वाचून कोन दाखवन? रूपराव? का तो पुस्तकवाला येईन?”

इतकी वर्षे वही सांभाळली, आणि बाईंना वाचता येत नाही ही साधी गोष्ट मी धरलीच नव्हती. मला वाटत होते की दिली म्हणजे झाले.

“मेल्यावरचं नोको देऊ मले,” बाई म्हणाल्या. “पोट्ट्याचंबी मले सगळ्याईच्या मागून समजलं. जिती हाय तवर ये. बुधवारी ये. जे असन ते वाच, मधातलं गाळजो नोको. गाळशीन त मले समजते.”

“तुमच्यानं ऐकवन काय, बाई?”

“ते मी पाहीन. तुह्यानं वाचवते का ते पाय.” असे म्हणून त्यांनी पुन्हा मिरच्या घेतल्या. मला बस म्हणाल्या नाहीत.

म्हणून असे लिहून ठेवते. बुधवारपासून वही धुरपताबाईंच्या घरी राहील. त्या दिवसापासून ती माझी नाही, म्हणून या मृत्युपत्रात तिचा वाटा कोणाला नाही. ऑपरेशनच्या आधी वाचून झाली तर ठीक. राहिली आणि मी परत आले नाही, तर यशोधराने आर्वीहून येऊन राहिलेली पाने बाईंना वाचून दाखवावीत. तिने आधी एकटीने वाचू नये. ती वही बाईंची आहे. ऐकून झाल्यावर बाईंनी ती ठेवावी, जाळावी, नाहीतर लेखकांना द्यावी. द्यायची म्हटली तरी कोणी आडवे येऊ नये, माझे नाव सांगून तर मुळीच नाही.

एवढी वर्षे मी ती का उघडली नाही हेही सांगून टाकते. वर दुसऱ्याचे नाव होते हे खरे. पण परक्याला सांगितले ते त्यांनी वहीलाही सांगितले आणि मला नाही, हे पानोपानी बघण्याची मला हिंमत नव्हती. आता जे असेल ते मी धुरपताबाईंच्या अंगणात, त्यांच्याबरोबरच ऐकणार आहे. बायको म्हणून त्यात मला वेगळा हक्क नाही.

हा कागद चार पानांचा असून प्रत्येक पानाखाली माझी सही आहे. कलम नऊची खोडाखोड माझ्या हातची आहे.

ठिकाण : नाचणगाव
दिनांक : ३ मार्च १९८६, सोमवार

सही
सुलोचना प्रेमदास ताकसांडे

आमच्यासमोर बाईंनी कागद स्वतः मोठ्याने वाचून दाखवला आणि सही केली, म्हणून साक्ष :

१. मधुकरराव नगराळे, शिक्षक, नाचणगाव. सही

२. धुरपताबाई मून, नाचणगाव. डाव्या हाताचा आंगठा. (या कागदाने मला काही मिळत नाही, हे मला सांगितले आहे.)